सनदेचं जेवण

दोन दिवसांच्या जेवणासाठी कुणी हिवाळी कोट घेऊन येत नाही.

साबिराने तो कोट सकाळीच पाहिला. लेकीच्या खोलीत धुतलेले अभ्रे ठेवायला गेली, तर दारामागच्या खुंटीवर तो टांगलेला. बाहेर सप्टेंबरचं ऊन, अंगणातली सफरचंदाची झाडं ओझ्याने वाकलेली, आणि हा मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेला जाडजूड कोट. पलंगाशेजारी राजधानीतल्या, बिश्केकच्या खोलीतला टेबलदिवा, वायर नीट गुंडाळून ठेवलेला. पलंगाखाली कायद्याची पुस्तकं, सुतळीने बांधलेली.

साबिरा कराकोलच्या न्यायालयात न्यायाधीश होती. समोर मांडलेल्या वस्तूंवरून काय घडलं असेल ते ओळखणं हा तिचा रोजचाच उद्योग. पण समोरचा माणूस आपणहून बोलेपर्यंत आपण निष्कर्ष काढायचा नाही, हेही तिच्या हाडामासात मुरलेलं. तिने अभ्रे ठेवले, दार हळूच ओढून घेतलं आणि थेट मागच्या अंगणात गेली. तिथे तिचा नवरा एमिल मोठ्या कढईखालचा जाळ सारखा करत होता. मेंढा पहाटेच कापून झाला होता, आणि एमिलच्या भुवयांना राख लागली होती.

"कोट बघितलास?" तिने विचारलं.

"बघितला."

"मग?"

"मग काय. कराकोलला थंडी पडते."

"एमिल."

"हे बघ, काल बसस्टँडवरून तिला मीच आणलं. सामान उचलताना माझी कंबर गेली, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. पण तिने सांगितलंय, आईला मी स्वतः सांगेन. डॉक्टरने रोग्याची गोष्ट बाहेर फोडायची नसते."

"तू जनावरांचा डॉक्टर आहेस."

"त्यांचीसुद्धा फोडत नाही मी," एमिल म्हणाला आणि कढईवरचा फेस काढायला वळला.

साबिरा तिथेच उभी राहिली. उद्या सगळी गल्ली जेवायला येणार होती. न्यायालयातले कारकून, शेजारपाजार, तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. एलनुराला वकिलीची सनद मिळाली म्हणून. आज फक्त घरचे. आज आजोबांनी नातीला आशीर्वाद द्यायचा आणि उद्या गावाने. बिश्केकमधल्या सगळ्यात मोठ्या वकिली कंपनीत पोरगी काम करते, हे साबिराने कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. लोकांनीच विचारलं होतं. अर्थात विचारावं अशा बेताने ती बोलली होती, ही गोष्ट वेगळी.

दुपारी सगळे जमले. जमिनीवर गाद्या, मधे जेवणासाठी अंथरलेलं लांब कापड, दस्तरखान, त्यावर तळलेल्या बोरसोकांचे ढीग, मध, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. दारासमोरच्या मानाच्या जागी साबिराचे वडील दोलोतबेक. सरकारी वकील म्हणून उभी हयात घालवलेली, आणि निवृत्तीनंतरही कुणी पाण्याचा पेला मागितला तरी "कशासाठी?" असं विचारण्याची सवय गेलेली नाही. लेकाच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात घोडा बांधायला जागा नाही, या कारणावरून ते मुलीकडे राहत होते. घोडा विकून कितीतरी वर्षं झाली होती.

त्यांच्या उजव्या हाताला तो लेक, साबिराचा धाकटा भाऊ कुबात. बिश्केकला विधी विद्याशाखेचा प्रमुख. नव्या मुलांपुढे दर शरदात त्याचं एक व्याख्यान ठरलेलं, 'तरुण वकिलाची वाटचाल' या नावाचं, आणि ते व्याख्यान आता त्याच्या अंगातच भिनलेलं. एलनुराला त्या कंपनीत त्यानेच चिकटवलं होतं. तिथला मालक तोल्कुन त्याचा वर्गमित्र.

डाव्या हाताला एमिलची थोरली बहीण नाझिरा. कराकोलमधली जुनी वकील. बाजारातल्या एका खोलीत, चपला दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, तिचं कार्यालय. नणंद-भावजय एकाच न्यायालयात, पण नाझिराची केस साबिरा कधी ऐकत नसे, नातं आड येतं म्हणून. नाझिरा सगळ्यांना सांगायची, "साबिराची नणंद झाल्याचा हाच फायदा. माझ्या अशिलांना नेहमी दुसरा न्यायाधीश मिळतो."

एलनुरा चहा ओतत होती. घरातली लहान म्हणून ते काम तिचं. साबिराने पाहिलं, पोरीने प्याले अर्धेच भरले, रीतीप्रमाणे. हात स्थिर होता. पण अंगावरचा निळा सदरा, जो मे महिन्यात नीट बसला होता, तो आता खांद्यावरून ओघळत होता.

"पहिला मुद्दा," कुबात बोरसोक मधात बुडवत म्हणाला, "सुरुवातीची काही वर्षं वकिलाने घड्याळाकडे बघायचं नाही."

"मग तारखेला वेळेवर जायचं कसं?" नाझिराने विचारलं.

"ताई, मी कष्टांबद्दल बोलतोय. दुसरा मुद्दा. मोठ्या वकिलाच्या सावलीत राहायचं. शिकायला मिळतं."

"सावलीतलं सफरचंद लाल होत नाही," एमिल म्हणाला.

"तुझ्या घोड्यांना सांग हे. तिसरा मुद्दा..."

"तिसऱ्या मुद्द्याला पोरं झोपतात ना रे?" आजोबांनी विचारलं. "एलनुरा, तू बसली होतीस याच्या व्याख्यानाला. झोपतात का?"

"मागच्या बाकावरची झोपतात, आजोबा. पुढची लिहून घेतात."

"आणि तू?"

"मी लिहून घेत होते."

सगळे हसले. कुबातही हसला, पण मनातून सुखावला. साबिराने हसता हसता लेकीकडे पाहिलं. एलनुराच्या गादीखाली फोन थरथरत होता. थांबला, पुन्हा थरथरला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घे की," कुबात म्हणाला. "कंपनीतून असेल. आमचा तोल्कुन सुट्टीच्या दिवशीही कामात असतो. चांगलं लक्षण आहे, तुझ्यावाचून अडतंय त्याचं."

"नंतर घेते, मामा."

मग मांस आलं. मेंढ्याचं डोकं आजोबांपुढे ठेवलं गेलं. आजोबांनी बाह्या सरसावल्या, सुरी काढली, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा मान वाटायला सुरुवात केली. डोळ्याभोवतीचं मांस मुलाला. गालाचं नाझिराला. कान हा घरातल्या लहानाचा, म्हणजे तो मोठ्यांचं ऐकेल. एलनुराने सवयीने ताटली पुढे केली.

"कान तुला आजवर पुष्कळ दिले," आजोबा म्हणाले. "ऐकून ऐकून तू सनदेपर्यंत आलीस. आता बोलायचे दिवस." आणि त्यांनी डोक्यातली जीभ सोडवून तिच्या ताटलीत ठेवली.

जीभ मुलींना देत नाहीत. मुली वाचाळ होतात म्हणे. साबिराला सनद मिळाली त्या वर्षी तिलासुद्धा कानच मिळाला होता. तिला क्षणभर हेवा वाटला, स्वतःच्याच लेकीचा. नाझिराने समाधानाने मान डोलावली.

एलनुराने ताटली हळूच दस्तरखानवर मधोमध सरकवली.

"आजोबा, ही मला नको."

"का? मीठ कमी आहे?"

"मी मागच्या आठवड्यात कोर्टात उभी राहिले आणि माझी जीभ चाललीच नाही."

कुबात हसला. "अगं, सगळ्यांची अडखळते पहिल्यांदा."

"अडखळली नाही, मामा. बंद पडली. न्यायाधीश बघतायत, समोरचा वकील बघतोय, माझी अशील बघतेय, आणि मला तिचं नावसुद्धा आठवेना. मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलेच नाही. खोली सोडली आणि इकडे आले."

तर कोटाची हकीकत अशी होती. साबिराच्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर उद्याचे पाहुणे. कारकुनांना काय सांगायचं. आणि हे मनात आलं म्हणून तिला पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. दोन्ही गोष्टी तिने चेहऱ्यावर येऊ दिल्या नाहीत. त्या कामाचा तिला पगारच मिळत होता.

"तोल्कुनला माहीत आहे?" कुबातने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तू न सांगता निघून आलीस? अगं, माझ्या शब्दावर त्याने तुला घेतलं. त्या खुर्चीसाठी पोरं रांगा लावतात."

"खुर्चीत बसायचं असतं, मामा. मी तिथे झोपत होते. घरी जायला वेळच नसायचा."

"आम्ही नाही झोपलो?"

"तू व्याख्यान देताना झोपतोस," नाझिरा म्हणाली. "पोरीला घास तर गिळू दे."

"घोड्याने पाडलं," आजोबांनी सुरी पुसत सुनावलं, "तर त्याच दिवशी पुन्हा त्याच्यावर बसायचं. नाहीतर भीती बसते."

"आणि हाड मोडलं असेल तर?" नाझिराने विचारलं.

"आधी हाड बसवायचं," एमिल म्हणाला. "पण ते मोडलंय की नाही हे बघायला पडलेल्याला हात लावावा लागतो. नुसतं लांबून 'ऊठ, ऊठ' म्हणून कळत नाही."

आवाज चढू लागले. कुबात आणि आजोबा एका बाजूला, नाझिरा आणि एमिल दुसऱ्या. अशा वेळी या घरात जे नेहमी व्हायचं तेच झालं. कुबातने हात वर केला आणि म्हणाला, "सुनावणी घेऊ."

या घरात भांडण कधी नुसतं भांडण राहत नसे. समोवाराचा नळ कुणी तोडला, कुत्रा पाळायचा की नाही, आजोबांनी घोडा विकावा की नाही, सगळ्याची रीतसर सुनावणी झालेली. कुत्र्याची केस एलनुराने शाळेत असताना स्वतः लढून जिंकली होती. साक्षीला शेजाऱ्यांचं कोकरू आणलं होतं. आणि न्यायाधीश नेहमी साबिराच. सोफ्यावरची लोकरी शाल खांद्यावर टाकली की झाला झगा.

"आता नको रे," नाझिरा म्हणाली.

पण एलनुराने खांदे उडवले. "घ्या. मी बोलले नाही तर तुम्ही सगळे माझ्या वतीने बोलणारच आहात."

कुबातने बाजू मांडली. सोमवारी पोरीने परत जावं, प्रकृतीचं कारण सांगावं, एका चुकीपायी आयुष्य वाया घालवू नये. चांगलं बोलला तो. बोलताना त्याचा आवाज एकदा कापरा झाला, आणि साबिराला कळलं की याला आपल्या शब्दाची काळजी आहे, पण भाचीचीही आहे. फक्त दोन्हींची एकच पुरचुंडी करून ती त्याने पाठीवर घेतली होती. नाझिरा थोडक्यात बोलली. पोरीला आधी झोपू द्या, मग डॉक्टरला दाखवा, मग विचारा. उपाशी साक्षीदाराची साक्ष धरत नाहीत.

साबिराने शाल सावरली. "एलनुरा, तुझं म्हणणं मांड."

एलनुरा गुडघ्यांवर ताठ बसली. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. साबिरा वाट बघत राहिली. अंगणात कढईखालचं लाकूड तडकलं. एमिल अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. शांतता लांबत चालली. ती मोडावी, पोरीला हसू यावं म्हणून साबिरा तिच्या नेहमीच्या कोर्टातल्या सुरात म्हणाली, "वकीलबाई, न्यायालयाला दुसरीही कामं आहेत."

ही या घरातली जुनी थट्टा होती. कुणी भाजी चिरायला वेळ लावला, कुणी न्हाणीतून लवकर बाहेर आलं नाही, की साबिरा हेच म्हणायची. त्या वाक्याला सगळे हसायचे.

आज कुणी हसलं नाही. एलनुराच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"हेच म्हणाले ते," ती म्हणाली.

"कोण?"

"तिथले न्यायाधीश. अगदी हेच. मी उभी होते, शब्द येत होते, खरंच येत होते, आई, फक्त थोडे लांब होते. आणि ते म्हणाले, 'वकीलबाई, न्यायालयाला दुसरीही कामं आहेत.' आणि मला तुझाच आवाज ऐकू आला. वाटलं, संपलं. आईचा निकाल झाला."

साबिराला रागही आला नाही आणि रडूही आलं नाही. तिला आठवली ती आपल्या न्यायालयातली तरणी पोरं. नव्या कोटांत, हातात कागद थरथरणारी. त्यांना हे वाक्य ती दिवसाकाठी कितीदा म्हणत असेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. विचार करण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं.

तिने खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"मला या प्रकरणात बसता येणार नाही," ती म्हणाली.

"कारण?" कुबातच्या तोंडून सवयीने निघालं.

"मी तिची आई आहे."

ती उठली, दस्तरखानाला वळसा घालून गेली आणि लेकीशेजारी, दाराकडच्या, सगळ्यात कमी मानाच्या जागी बसली. तिथे गादीही नीट नव्हती.

"सांग," ती म्हणाली. "काय झालं ते. सावकाश सांग."

"मग न्यायाधीश कोण?" आजोबांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. तुम्ही जेवा."

आणि एलनुरा बोलली. आधी तुकड्यातुकड्यांनी, मग सलग. कंपनीत करारनामे तपासायचे असत, खाणींचे, गोदामांचे, रोज नवे. संध्याकाळी मालक हसत हसत नवं काम आणून ठेवायचा आणि सकाळी हसत हसत मागायचा. ओरडायचा कधीच नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटायचं. जेवण म्हणजे टेबलापाशी उभ्याने खाल्लेले मांसाचे सामसे. मैत्रिणींनी बोलवायचं सोडलं, कारण ती कधी जायचीच नाही. आणि अशातच गरिबांच्या मोफत खटल्यांतला एक तिच्या वाट्याला आला. तुर्सुनाय नावाची म्हातारी, शिवणकामाच्या जुन्या कारखान्यातली कामगार. कारखाना बंद पडला, आणि आता नव्या मालकाला वसतिगृहातली तिची खोली हवी होती.

"माझ्या सगळ्या कामात तेवढं एकच काम मला माझं वाटायचं," एलनुरा म्हणाली. "आणि त्याच्या तारखेच्या आदल्याच दिवशी तोल्कुनसाहेबांनी करारनामा दिला, सकाळपर्यंत हवा म्हणून. मी नाही म्हणू शकले नाही. कोर्टात गेले ती डोळ्याला डोळा न लागता. मी खाली बसले, तर तुर्सुनायने माझा हात धरला आणि खिशातून चॉकलेट काढून दिलं. मी तिची वकील, आणि ती मला चॉकलेट देतेय."

"खाल्लंस का?" एमिलने विचारलं.

"खाल्लं, बाबा."

"मग ठीक. तेवढी तरी अक्कल शाबूत होती."

ती हसली. डोळे पुसत हसली, पण हसली. गादीखालचा फोन पुन्हा थरथरला.

"तोल्कुन," कुबात म्हणाला, जरा खालच्या आवाजात.

"तोल्कुनसाहेब नाहीत, मामा. तीच आहे. तुर्सुनाय. रोज करते. तिच्याशी बोलायला मला तोंड नाही."

नाझिराने आपल्या भावजयीकडे पाहिलं. साबिराने फोन उचलला आणि लेकीपुढे धरला. घे म्हणाली नाही. नुसता धरला. एलनुराने तो घेतला आणि कानाला लावला. पलीकडचा म्हातारा, खणखणीत आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"पोरी, जिवंत आहेस ना? मी म्हटलं, हिला काही झालं की काय. खोलीचं होईल तेव्हा होईल. तू जेवतेस का?"

"जेवतेय, आजी. आत्ता जेवतेच आहे."

"मग जेव. तोंडात घास घेऊन बोलू नये." आणि फोन बंद झाला.

आजोबांनी सुरी खाली ठेवली.

"मी उलटी करायचो," ते म्हणाले.

"काय?" साबिराने विचारलं.

"प्रत्येक मोठ्या भाषणाआधी. कोर्टामागे एक पॉपलरचं झाड होतं, तिथे. तुझी आई सोडा घातलेलं पाणी बाटलीत भरून द्यायची. सगळी नोकरी संपेपर्यंत."

लहानपणी साबिराने वडिलांना न्यायालयात बोलताना ऐकलं होतं. डोंगर बोलतोय असं वाटायचं. तो आवाज मिळावा म्हणून ती या धंद्यात आली होती.

"मला वाटायचं, आईच्या हातचं तुम्हाला पचत नाही," ती म्हणाली.

"तिलाही गावभर तसंच सांगावं लागायचं, बिचारीला."

"पण बाबा, तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलं? उलटतपासणीत न विचारलेलं सांगू नये, हे मीच तुला शिकवलंय."

नाझिरा इतकी हसली की तिला ठसका लागला. एमिलने तिच्या पाठीवर थापा मारल्या, गाईच्या मारतो तशा. "कुबात," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या व्याख्यानात हा कितवा मुद्दा?"

कुबातने हातातलं हाड ताटलीत ठेवलं. "हा मुद्दाच नाही त्यात," तो म्हणाला. मग एलनुराकडे वळला. "दरवर्षी कुणीतरी पोरगं व्याख्यानानंतर माझ्याकडे येतं, म्हणतं, सर, झोप येत नाही. मी त्याला म्हणतो, म्हणजे तू योग्य वाटेवर आहेस." "मी तोल्कुनला फोन करतो. सांगतो त्याला."

"नाही, मामा. मी करते. तुम्ही केलात तर मी पुन्हा तुमच्या शब्दावरच राहीन."

"कधी करशील?"

"झोप झाल्यावर."

नाझिराने मग व्यवहाराचं बोलणं काढलं. तिला तेच जमायचं. दवाखान्यातली मेंदूविकाराची डॉक्टरीण तिच्या ओळखीची, दोन दिवसांनी तिच्याकडे जायचं. आजारपणाची रजा रीतसर लिहून घ्यायची, पळून आल्यासारखं राहायचं नाही. तुर्सुनायच्या खटल्यात नाझिराने आपलं वकीलपत्र जोडायचं, म्हणजे कोर्टात दोघी. "एकीचं तोंड बंद पडलं तर दुसरीचं आहेच. माझं आजवर बंद पडलेलं नाही, विचार तुझ्या बापाला." आणि कंपनीचं काय ते बर्फ पडेपर्यंत ठरवायचंच नाही. दमलेल्या माणसाने राजीनामाही देऊ नये आणि लग्नही ठरवू नये.

"आणि उद्या?" साबिराने विचारलं. तिला ते विचारावंच लागलं. "उद्या लोकांना काय सांगायचं?"

"सनद मिळाली म्हणून सांगायचं," एलनुरा म्हणाली. "ती खरीच मिळालीय."

ताटलीतली जीभ मधोमध तशीच पडून होती. नाझिराने सुरी घेतली, तिचे पातळ काप केले आणि सगळ्यांपुढे फिरवले. कुबातच्या ताटलीत कापच पडला नाही. "तुझ्याकडे आहे तेवढी पुरे," नाझिरा म्हणाली. एलनुराने आपला काप खाल्ला. मीठ खरंच कमी होतं.

शेवटी आजोबांनी दोन्ही तळहात उघडले. सगळ्यांनी उघडले. "सनद मिळाली, चांगलं झालं," ते म्हणाले. "पोरीला काम मिळो, त्याहून आधी झोप मिळो. अशील मिळो, तर चॉकलेट देणारं मिळो. न्यायाधीश मिळो..." त्यांनी एक डोळा उघडून साबिराकडे पाहिलं. "...तर त्याला दुसरी पुष्कळ कामं नसोत. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवले. साबिरा सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

नोव्हेंबरात बिश्केकला तुर्सुनायच्या खटल्याची तारीख लागली. तोवर एलनुरा डॉक्टरणीची औषधं घेत होती, सकाळी बापाबरोबर गोठ्यांमधून हिंडत होती, दुपारी आत्याच्या खोलीत चपला ठोकल्याचा आवाज ऐकत कागद वाचत होती. पहिल्या बर्फाच्या आठवड्यात ती स्वतः कंपनीत जाऊन तोल्कुनला भेटली आणि नोकरी सोडून आली. तो हसत हसतच भेटला म्हणे. कुबात महिनाभर रुसला होता. मग त्याने फोन केला आणि भाचीला विचारलं, पुढच्या व्याख्यानाला माझ्याऐवजी तू अर्धा तास बोलशील का. ती म्हणाली, विचार करून सांगते.

साबिरा रजा काढून लेकीबरोबर गेली, पण आत बसली नाही. एका न्यायाधीशाने दुसऱ्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसणं बरं दिसत नाही. ती बाहेरच्या ओट्यावर उभी राहिली, बर्फात, टोपी कानांवर ओढून. शेजारी दोन तरुण वकील सिगारेट ओढत होते. त्यांतल्या एकाचा हात कापत होता. थंडीनेही असेल. साबिराने त्याला आपले हातमोजे देऊ केले. तो दचकला, मग त्याने घेतले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आधी तुर्सुनाय बाहेर आली, खसखसून हसत. मग नाझिरा, चेहरा दगडासारखा, म्हणजे खूश. मग एलनुरा, तो मेंढीच्या कातड्याचा कोट खांद्यावर टाकून, गाल लालबुंद.

"काय झालं?" साबिराने विचारलं.

"पुढची तारीख पडली."

"आणि तू? बोललीस?"

"बोलले."

"पुष्कळ?"

"न्यायाधीशांना मला थांबवावं लागलं."

"थांबवलं?" साबिराचा आवाज चढला. तिने पाठीमागच्या दाराकडे असं पाहिलं, की ते तरुण वकील जरा बाजूला सरकले. "का थांबवलं? बोलू द्यायला काय झालं होतं त्यांना?"

"आई, तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते मी."

"असेल. तरी ऐकायचं," साबिरा म्हणाली, आणि लेकीच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायला लागली.